हाताला कळले पाहिजे

रानाला वाफसा आला की नाही, हे पुस्तक वाचून सांगता येत नाही. मूठभर माती दाबून पाहावी लागते. शेतकी पदवी घेऊन मी नोकरीला लागलो, तेव्हा हे मला एका वृद्ध शेतकऱ्याने शिकवले. सुईणपणाची विद्याही तशीच आहे.

मिरजेत डॉ. विल्यम वॉनलेस यांनी 1894 साली मिशन हॉस्पिटल उभे केले. पुढे त्याच्या आधाराने परिचारिकांचे शिक्षणही तेथे रुजले. आज सातारा-सांगलीकडच्या शेतकरी घरांतल्या मुलीही हे शिक्षण घेतात. त्यांना वर्गात जे सांगतात, ते हातात कसे उतरते ते पाहू.

आधी सराव रबरी पोटावर होतो. मग बाईंच्या देखरेखीखाली खऱ्या गरोदर बाईची तपासणी. प्रथम तिची परवानगी घ्यायची, पडदा ओढायचा, तिला लघवीला जाऊन यायला सांगायचे, आपले हात धुऊन उबदार करायचे. मग पोटावर चार प्रकारे हात ठेवून पाहायचे. वरच्या टोकाला काय आहे? कठीण, गोल आणि हलणारे लागले तर डोके. मऊ आणि रुंद लागले तर ढुंगण. पाठ कोणत्या कुशीला आहे? खाली डोके आहे का? असल्यास ते कटीत किती उतरले आहे? शेवटी नळी लावून बाळाचे ठोके मोजायचे. ते मिनिटाला 110 ते 160 असावेत.

याशिवाय डोळ्याची खालची पापणी ओढून रक्त कमी आहे का ते पाहतात. नडगीवर अंगठा दाबून खड्डा राहतो का, तेही पाहतात. सूज असली आणि रक्तदाब 140/90 किंवा त्याहून जास्त निघाला, तर डॉक्टरांना दाखवायला उशीर करून चालत नाही.

या हाताची खरी कसोटी ऊसतोडीच्या हंगामात लागते. फडावर आलेल्या बाईचे कार्ड गावी राहिलेले असते आणि दिवसही तिला नीट आठवत नाहीत. अशा वेळी नर्सबाईने पोटावर टेप लावली, तर 24 आठवड्यांनंतर जितके सेंटिमीटर, साधारण तितके आठवडे, असा अंदाज बांधता येतो. शेवटच्या महिन्यात मूल पायाळू किंवा आडवे आहे असे हाताला कळले, तर कळा सुरू होण्यापूर्वीच तिला मोठ्या दवाखान्यात पाठवता येते. आडवे मूल आपल्या वाटेने जन्मू शकत नाही. तेथे उशीर झाला तर दोन जीव धोक्यात येतात.

म्हणून माता-भगिनींनो, दोन गोष्टी सांगतो. केवळ वजन लिहून कार्ड परत दिले, तर "बाई, पोट तपासून सांगा, बाळ कसं आहे?" असे निःसंकोच विचारा. दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यात डॉक्टरांकडून मोफत तपासणी होते. 2016 साली सुरू झालेल्या या सोयीचा लाभ घ्या.

दुसरी गोष्ट अशी, की शिकाऊ मुलगी भीत-भीत परवानगी मागेल, तेव्हा बाई शेजारी उभ्या असतील तर तिला शक्यतो नाही म्हणू नका. दुखले तर मात्र लगेच सांगा. थांबणे हाही तिच्या शिक्षणाचाच भाग आहे. आज तुमच्यापाशी शिकलेला हात उद्या एखाद्या वाडीवर, अपरात्री, तुमच्याच लेकीच्या कामी येईल.