किल्टची सारी ऐट चुण्यांत

स्कॉटलंडचा किल्ट समोरून सपाट असतो. त्याची सगळी ऐट पाठीमागच्या चुण्यांत. पाइप बँड चालू लागला की त्या झुलायला हव्यात आणि पाऊल थांबलं की आपापल्या जागी परतायला हव्यात. पारंपरिक किल्टला आठ वार, म्हणजे सात मीटरहून जास्त, ट्वील विणीचं लोकरी कापड लागतं ते त्यासाठीच. ते महाग, जड, शिवणही बहुधा हाताची. मग स्वस्त पर्याय निघणारच.

त्यांतला सगळ्यात स्वस्त म्हणजे ॲक्रिलिक. स्वेटरमुळे हा धागा आपल्या ओळखीचा आहे. लांबून तो लोकरीसारखा दिसतो, टार्टनच्या चौकड्यांचे रंगही झकास उठतात. पण बहुतेकदा कापड हलकं, म्हणून चुण्या झुलण्याऐवजी फडफडतात. पुढे चामडी बटवा लटकतो तिथे घासून गोळे येतात, ते वेगळंच. एखाद्या समारंभापुरता ठीक, रोजच्या वापराला नाही.

पीव्हीची गोष्ट निराळी.

आपल्याकडे गणवेशांसाठी आणि सूटिंगसाठी विकलं जाणारं हे पॉलिएस्टर-व्हिस्कोसचं मिश्रण किल्टलाही चालतं. प्रमाण बहुधा ६५ आणि ३५ टक्के. पॉलिएस्टर संपूर्ण कृत्रिम. १९४१ मध्ये इंग्लंडात व्हिनफील्ड आणि डिक्सन यांनी त्याचं पेटंट घेतलं आणि पुढे टेरिलीन म्हणून ते घरोघरी पोचलं. व्हिस्कोस अर्धकृत्रिम: लाकडाच्या लगद्यातलं सेल्युलोज रसायनांत विरघळवून त्याचा पुन्हा धागा काढतात.

पॉलिएस्टर उष्णतेने मऊ होतं. तापवून दाबलेली चुणी थंड झाली की तशीच बसते आणि धुतल्यावरही सहसा मोडत नाही. लोकरीच्या चुण्यांना मात्र ओलं फडकं ठेवून इस्त्रीची मनधरणी करावी लागते. पॉलिएस्टरची खोट घामाशी. हवेतली ओल ते जेमतेम ०.४ टक्के धरतं, लोकर सुमारे १६. ती उणीव व्हिस्कोस काहीशी भरून काढतं, शिवाय कापडाला लोंबही देतं.

लेबलवर भरवसा नसेल, तर आतल्या शिवणीतला एखादा धागा चिमट्यात धरून जाळून पाहावा. लोकरीला जळक्या केसांचा वास येतो आणि राख बोटांत चुरते. व्हिस्कोस कागदासारखं भुरकन जळतं. पॉलिएस्टर आणि ॲक्रिलिक वितळून टणक मणी मागे ठेवतात. पीव्हीत दोन्ही खुणा मिसळलेल्या दिसतात.