भंडाऱ्याचं मत दिल्लीला कधी कळलं?

एकाधिकारशाही सरकार लोकमताला दाद देतं का, हे तपासायला आपण चीन-रशियाकडे बघतो. पण १९७७ साली भंडारा जिल्ह्याने या प्रश्नाचं जे उत्तर दिलं, ते आपण पुरेसं वाचलेलं नाही.

२५ जून १९७५ च्या रात्री आणीबाणी आली. वृत्तपत्रांवर सेन्सॉर बसला, विरोधक मिसा कायद्याखाली तुरुंगात गेले. गोंदिया तेव्हा भंडाऱ्यातच होतं. धान, विडी आणि मँगनीजवर जगणाऱ्या इथल्या माणसाला सरकार भेटायचं ते तलाठी, ग्रामसेवक, मास्तर यांच्या रूपात. देशभर याच मंडळींच्या डोक्यावर नसबंदीच्या ‘केसेस’चं टार्गेट बसलं. १९७६-७७ या एका वर्षात देशात सुमारे ८२ लाख शस्त्रक्रिया झाल्या. महाराष्ट्र विधिमंडळाने तर तीन मुलांनंतर नसबंदी सक्तीची करणारं विधेयकच मंजूर केलं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून त्याचा कायदा झाला नाही. स्वतःला पुरोगामी म्हणवणाऱ्या राज्याने हे विसरू नये.

अशा वेळी गाऱ्हाणं वर जाणार कसं? तहसीलदाराकडून कलेक्टरकडे आणि तिथून मुंबईला जायचे ते आकडे, आणि आकडे तर चांगलेच होते. पेपरात उलट काही छापून येत नव्हतं. लोकांची तोंडं बंद करणारं सरकार स्वतःचेच कान बंद करून घेतं, ते असं.

१८ जानेवारी १९७७ रोजी इंदिरा गांधींनी निवडणूक जाहीर केली. ती का, यावर अभ्यासकांचं आजही एकमत नाही. मार्चमध्ये त्या स्वतः रायबरेलीत हरल्या. महाराष्ट्रातल्या ४८ जागांपैकी काँग्रेसला २०, जनता पक्षाला १९ मिळाल्या. विदर्भ मात्र बहुतांशी काँग्रेससोबतच राहिला. नागपूर, रामटेक, वर्धा, अमरावती, अकोला, सगळीकडे काँग्रेस. भंडाऱ्याने जनता पक्षाचे लक्ष्मणराव मानकर निवडून दिले. नसबंदीच्या रागाची लाट मुख्यतः उत्तरेतली, त्यामुळे तेवढ्या एका कारणावर हा निकाल ढकलणं घाईचं होईल. पण शेजारच्या रामटेकचं आणि भंडाऱ्याचं मन वेगळं आहे, हे मतपेटी उघडेपर्यंत दिल्लीला समजायला काही मार्गच उरला नव्हता.

चीनमध्ये ही मतपेटी नाही, तरी तिथलं सरकार ऐकतं. जिदोंग चेन, जेनिफर पॅन आणि यीचिंग शू यांनी तिथल्या २,१०३ काउंटी सरकारांकडे मदतीच्या विनंत्या पाठवून पाहिल्या. २०१६ मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध झाला. आम्ही एकत्र येऊन काही करू किंवा वरिष्ठांकडे तक्रार करू, असा इशारा असला की उत्तर मिळण्याची शक्यता वाढत होती. नोव्हेंबर २०२२ मध्ये उरुमची शहरातल्या आगीनंतर लोक कोविडच्या निर्बंधांविरुद्ध रस्त्यावर उतरले आणि ७ डिसेंबरला ते निर्बंध सैल झाले. निदर्शकांपैकी काहींना मात्र पुढे अटक झाली. म्हणजे दाद मिळते, पण ती गर्दीच्या धाकाला. माणसाच्या हक्काला नाही. आणि धाकाला नेहमी सवलतच मिळते असंही नाही. ऑगस्ट १९४२ मध्ये याच भंडारा जिल्ह्यातल्या तुमसरच्या जमावाला इंग्रज सरकारने गोळीबाराने उत्तर दिलं होतं.

मतपेटीतून आलेल्या रागाचा परिणाम मात्र लगेच दिसला. १९७७-७८ मध्ये नसबंदीच्या शस्त्रक्रिया साडेनऊ लाखांच्या आसपास आल्या. ‘कुटुंब नियोजन’ खात्याचं ‘कुटुंब कल्याण’ झालं. १९८० मध्ये इंदिरा गांधी परत आल्या, भंडाऱ्यानेही काँग्रेसचे केशवराव पारधी निवडले. पण पुरुषांच्या नसबंदीची ती मोहीम पुन्हा उभी राहिली नाही. टार्गेट मात्र गेलं नाही, ते बायकांवर आलं. गावोगावच्या शिबिरांत पुढची अनेक वर्षं रांगेत बायकाच उभ्या होत्या.