दहा तासांचा दिवस

दिवसाचे चोवीस तास, तासाची साठ मिनिटे आणि मिनिटाचे साठ सेकंद ही विभागणी इतकी अंगवळणी पडली आहे की, ती निसर्गानेच ठरवून दिली असावी असे वाटते. वस्तुतः निसर्गाने दिला तो केवळ दिवस. त्याचे भाग किती पाडावयाचे हे माणसाने ठरविले. प्राचीन भारतात अहोरात्राच्या साठ घटिका व घटिकेची साठ पळे मानीत. साठ या संख्येला दोन, तीन, चार, पाच व सहा या सर्वांनी निःशेष भाग जातो, हा तिचा मोठा गुण होय.

फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळात मात्र या विभागणीलाच आव्हान मिळाले. १७९३ मध्ये फ्रान्समध्ये कायदा झाला. त्यानुसार मध्यरात्रीपासून मध्यरात्रीपर्यंतच्या काळाचे दहा तास, तासाची शंभर मिनिटे व मिनिटाचे शंभर सेकंद करण्यात आले. नवा तास जुन्या १४४ मिनिटांएवढा होता आणि भर दुपारी घड्याळात पाच वाजत. गणिताच्या दृष्टीने ही पद्धती अत्यंत सोपी होती. जुन्या पद्धतीतील ३ तास ४५ मिनिटे २० सेकंदांचे सेकंद करण्यासाठी दोन गुणाकार व बेरीज करावी लागते. उत्तर येते १३,५२०. नव्या पद्धतीत तेच आकडे नुसते शेजारी मांडले की ३४,५२० हे उत्तर तयार होई.

काही घड्याळजींनी एकाच तबकडीवर जुने व नवे असे दोन्ही आकडे कोरले. तथापि ७ एप्रिल १७९५ च्या कायद्याने दशमान घड्याळाची सक्ती स्थगित झाली. लक्षणीय गोष्ट ही की, मीटर, लिटर व ग्रॅम यांना मान्यता देणारा कायदाही हाच होता.

एकाच कायद्यात एका सुधारणेचा स्वीकार आणि दुसरीला विराम, असे का व्हावे? क्रांतीपूर्व फ्रान्समध्ये धान्याची व कापडाची मापे गावोगावी निराळी होती. त्यामुळे व्यवहारात फसवणूक होई आणि लोकांची तशी तक्रारही होती. मीटरने खरी अडचण दूर केली. तासाचे भाग मात्र सर्वत्र सारखेच होते. तेथे दूर करण्याजोगा गोंधळ नव्हता. उलट प्रत्येक घड्याळाची यंत्ररचना बदलण्याचा खर्च तेवढा होता. त्याच काळात सात दिवसांच्या आठवड्याऐवजी दहा दिवसांचा गट आला. त्यामुळे पूर्ण विश्रांतीचा दिवस सातव्याऐवजी दहाव्या दिवशी येऊ लागला व श्रमिकांत ही कालगणना अप्रिय ठरली. १ जानेवारी १८०६ पासून तीही संपुष्टात आली.

१८९७ मध्ये फ्रान्समध्ये नेमलेल्या एका आयोगाने चोवीस तास कायम ठेवून तासाची शंभर मिनिटे करण्याचा विचार केला. गणितज्ञ आन्री प्वांकारे त्याचे सचिव होते. १९०० मध्ये तीही योजना सोडून देण्यात आली.

तरीही दशमान काल पूर्णपणे लोपला नाही. खगोलशास्त्रज्ञ निरीक्षणाची वेळ दिवसाच्या दशांश अपूर्णांकात नोंदवितात आणि सेकंदाहून लहान काल सर्वत्र दशमानानेच मोजला जातो. भारतात १ एप्रिल १९५७ पासून सोळा आण्यांचा रुपया शंभर नव्या पैशांचा झाला. पुढे शेर व मण जाऊन किलोग्रॅम आला. घड्याळ मात्र होते तसेच राहिले. केवळ हिशेबाच्या सोयीसाठी समाज आपली मापे सहसा बदलीत नाही. जुन्या मापाचा जाच होऊ लागला म्हणजेच तो नव्याचा स्वीकार करतो.