टपाल तिकिटाएवढं कार्ड

घरातल्या सगळ्या मोबाइलवर वाय-फाय चालू आहे, पण लॅपटॉपला ते दिसतच नाही! शाळेचा प्रकल्प उद्या पाठवायचा आणि कुणीतरी म्हणतं, "जुना झाला, नवा घ्या." थांबा! आधी आजाऱ्याची नाडी तर बघू या.

लॅपटॉपच्या पोटात एक वायरलेस कार्ड असतं. बऱ्याच लॅपटॉपमध्ये ते २२ मिलिमीटर रुंद आणि ३० मिलिमीटर लांब, म्हणजे टपाल तिकिटाएवढं असतं. त्याला जोडलेल्या दोन बारीक वायरी बहुधा बिजागरीतून वर पडद्याच्या कडेला जातात. तिथे लपलेल्या अँटेना २.४ आणि ५ गिगाहर्ट्झच्या रेडिओ लहरी टिपतात. हे कार्ड बिघडलं, की लॅपटॉप ठार बहिरा!

पण दोष कार्डाचाच कशावरून? आधी 'एअरप्लेन मोड' चुकून चालू नाही ना, ते बघा. मग ड्रायव्हर पुन्हा टाका. ब्लूटूथ बहुधा याच कार्डावर असतं. दोन्ही एकदमच गायब झाली, तर संशय पक्का! यूएसबीचा छोटा वाय-फाय अडॅप्टर लावून पाहा. तो चालला, म्हणजे राउटर निर्दोष.

नवं कार्ड आणताना जुन्याचा नंबर लिहून न्या. इंटेलची एएक्स२०० आणि एएक्स२०१ ही कार्डं जुळ्या भावांसारखी दिसतात, पण दुसरं फक्त इंटेलच्या ठरावीक प्रोसेसरांबरोबरच चालतं. काही लॅपटॉप ठरलेलीच कार्डं स्वीकारतात. काहींत तर कार्ड मुख्य बोर्डावर डाग देऊन पक्कं बसवलेलं असतं. तिथे अडॅप्टरच बरा. वॉरंटी शिल्लक असेल, तर लॅपटॉप उघडूच नका.

आता काम! आई-बाबांना सोबत घ्या बरं का. लॅपटॉप बंद करा, चार्जर काढा. मागचं झाकण उघडल्यावर सर्वांत आधी बॅटरीची जोडणी सोडवा. स्वेटर काढताना चटचट आवाज होतो ना? ती स्थिर वीज नाजूक भागांची वैरी! म्हणून आधी नळासारख्या जमिनीशी जोडलेल्या धातूला हात लावा.

वायरींचा फोटो काढून ठेवा. त्या सरळ वर उचला, ओढू नका. स्क्रू काढला, की कार्ड आपोआप तिरकं उभं राहतं. ते बाहेर घ्या. नवं कार्ड तसंच तिरकं सरकवा, खाली दाबा, स्क्रू लावा. वायरी पहिल्याच जागी ठेवून सरळ दाबा. 'टक्' झालं, की बसली! शेवटी बॅटरी जोडा, झाकण लावा.

जुनं कार्ड कचऱ्याच्या डब्यात नको, ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्या. एका छोट्या कार्डापायी अख्खा लॅपटॉप भंगारात जायचा वाचला, हे काय थोडं झालं?