ताप उतरला, पण दम का लागतो?

२०२१ च्या एप्रिलमध्ये करोनाची दुसरी लाट आली ती ऐन गव्हाच्या मळणीत. ग्वाल्हेरच्या परिसरातील शेतकऱ्याला ताप उतरताच शेत गाठणे भाग होते. पुढे महिनोन् महिने नई सडकेवर ऐकू येई, "ताप गेला, पण जिना चढवत नाही."

घरच्यांना तो आळस वाटतो. तसे नाही. विषाणू गेला तरी फुप्फुसाची सूज काही आठवडे राहते; क्वचित व्रण धरून फुप्फुस ताठर होते. जोरदार फ्लूनंतरही असे घडू शकते.

धोका कोणाला अधिक? आजारात प्राणवायू द्यावा लागलेल्यांना सर्वांत जास्त. मग वयस्क, दमेकरी, मधुमेही, लठ्ठ व विडी ओढणारे. पूर्वी क्षय झालेल्यांची फुप्फुसे आधीच दुबळी असतात. चुलीचा धूर व मळणीचा भुसा त्रासात भर घालतात. लस घेतलेल्यांत करोनानंतरचा हा त्रास कमी आढळला.

म्हणून विडी सोडा. चालणे रोज थोडे थोडे वाढवा. भुशात जाणे टळत नसेल तर नाकातोंडावर जाड फडके बांधा. खोकला दोन आठवड्यांवर गेला तर सरकारी दवाखान्यात थुंकी तपासून घ्या. तपासणी मोफत असते. दम वाढला, ओठ निळसर झाले किंवा थुंकीत रक्त दिसले तर तडक जयारोग्य रुग्णालय गाठा.

आणि शेजाऱ्यांनो, आजारातून उठलेल्याची मळणी इर्जिक घालून उरकून द्या. त्याला औषधाइतकीच विश्रांतीची गरज आहे.