खेळातलं आकाश आणि खरं आकाश

मागच्या व्याख्यानात आपण प्रयोग कशाला म्हणायचं हे पाहिलं. आज त्यालाच जोडून एक प्रश्न घेऊ. व्हिडिओ गेम खेळून मूल विज्ञान शिकतं, की फक्त त्या गेमचे नियम शिकतं?

उदाहरणादाखल 'कर्बल स्पेस प्रोग्रॅम' घेऊ. मेक्सिकोत तयार झालेला हा गेम २०११ साली लोकांपुढे आला. त्यात आपण रॉकेट बांधायचं आणि कक्षेत न्यायचं. आता समजा, आपल्याच कक्षेत थोडं पुढे दुसरं यान आहे. ते गाठायचं कसं? आपण म्हणणार, वेग वाढवा. मूलही तेच करतं. पण वेग वाढवला की कक्षा मोठी होते, फेरीला जास्त वेळ लागतो आणि आपण आणखी मागे पडतो. म्हणजे आधी वेग कमी करून लहान कक्षेत उतरायला हवं. केप्लरचा तिसरा नियम तोंडपाठ असलेल्यालाही हे चटकन सुचत नाही. इथे मुलाचा अंदाज चुकतो आणि ते कारण शोधायला लागतं. हे शिकणं खरंच आहे.

आता दुसरी बाजू बघा. या गेममध्ये यानावर एका वेळी एकाच गोलाचं गुरुत्वाकर्षण चालतं. खऱ्या आकाशात सूर्य आणि पृथ्वी दोघंही ओढतात, म्हणून तर पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किलोमीटरवर एल-१ हा बिंदू मिळतो. आपलं आदित्य-एल१ जानेवारी २०२४ मध्ये तिथल्या कक्षेत पोचलं. गेममध्ये हा बिंदूच नाही! तिथे कितीही प्रयत्न केले तरी तो सापडणार नाही, कारण तो नियम कुणी लिहिलेलाच नाही.

मग गेम खोटा ठरला का? तसं म्हटलं तर पाठ्यपुस्तकातला घर्षण नसलेला उतारही खोटाच की. विज्ञान नेहमीच काहीतरी गाळून प्रतिमान उभं करतं. अडचण गाळण्याची नाही. काय गाळलंय हे मुलाला न सांगण्याची आहे. सांगितलं नाही, तर ते प्रतिमानालाच निसर्ग समजून बसेल.

म्हणून शिक्षकांनी गेम जरूर वापरावा, पण शेवटी वर्गात एक प्रश्न टाकावा : या गेममध्ये आदित्य का पाठवता येत नाही? त्यावर मुलं भांडू लागली, की तास सत्कारणी लागला असं आपण समजू.