राजूरच्या पावसात टिकणारा रंग

जून लागला की अकोले तालुक्यातल्या राजूरमध्ये लोखंडाची परीक्षा सुरू होते. अकोल्याच्या बाजूला पाऊस बेताचा, घाटघर-रतनवाडीकडे तो नुसता कोसळतो आणि राजूर या दोघांच्या मधे. वाळत घातलेला टॉवेल दोन-दोन दिवस ओला राहतो, तिथे खिडकीच्या ग्रीलला काय दोष द्यायचा! आमच्या घराच्या फाटकाला मी रेड ऑक्साइड आणि वर एनॅमलचे दोन हात मारून घेतले होते. दुसऱ्याच पावसाळ्यात वेल्डिंगच्या सांध्यांतून तांबडे ओघळ उतरले. एका ठिकाणी रंग फुगला होता. तो नखाने उचलला तर अख्खा पापुद्रा हातात आला आणि खाली गंजाची पूड. डब्यातला रंग चांगला होता, पण तो तेलकट आणि गंजलेल्या लोखंडावर चढवला होता. त्याने धरायचं तरी कशाला?

तेव्हापासून रंग चढवण्याची यंत्रं जिथे दिसतील तिथे मी थांबून बघतो. हल्ली फॅब्रिकेशनचं काम करणारी तरुण मुलंही विचारतात, पावडर कोटिंगची गन केवढ्याला पडेल? माझं म्हणणं असं की गन सगळ्यात शेवटी घ्यावी. तिच्याआधी ज्या चार गोष्टींवर पैसा घालायचा, त्यांच्यावरच रंगाचं आयुष्य ठरतं.

हवेच्या जोरावर रंग उडवण्याची कल्पना शंभर-सव्वाशे वर्षांची आहे. अमेरिकेत टोलेडो गावच्या डेव्हिलबिस नावाच्या डॉक्टरांनी घशात औषध फवारायचं उपकरण केलं. पुढे त्यांच्या मुलाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्याच तत्त्वावर रंगाची स्प्रे गन आणली. आज गॅरेजमध्ये दिसणारी, खाली किंवा वर कप असलेली गन त्याच घराण्यातली. या गनची खोड अशी की कपातला निम्म्याहून जास्त रंग वस्तूवर न बसता हवेत जातो. शिवाय ओल्या रंगात थिनर असतो आणि तो सगळाच उडून जातो. रंगात घन भाग ४० टक्के असेल, तर ४० मायक्रॉनचा सुका थर मिळवायला १०० मायक्रॉनचा ओला थर द्यावा लागतो. उरलेले ६० कारागिराच्या फुफ्फुसात नाहीतर आभाळात.

पावडरीत थिनरच नाही. जर्मनीत एर्विन गेमर यांनी १९५० च्या दशकात तापलेली वस्तू हवेने खळबळणाऱ्या प्लास्टिकच्या पुडीत बुडवून पाहिली, आणि पुढच्या दशकात ती पूड विजेच्या भाराने चिकटवणारी गन आली.

सिन्नरच्या एका शेडमध्ये हे मी अगदी जवळून पाहिलं. हँगरला टांगलेलं ग्रील, त्याला अर्थिंग जोडलेलं. कारागिराने गनचा घोडा दाबला, करड्या पुडीचा ढग निघाला आणि ग्रीलच्या जवळ आल्यावर चक्क वळला. समोरून मारलेली पूड गजाच्या मागच्या बाजूलाही जाऊन बसली. गनच्या टोकाशी ६० ते १०० हजार व्होल्ट असतात, करंट मात्र मायक्रोअँपिअरचा. भारलेला कण अर्थिंगकडे धावतो, एवढंच त्यातलं गुपित. मी जवळ जाऊन हलकी फुंकर घातली. तेवढ्या जागची पूड उडून उघडं लोखंड दिसलं. हाच थर ओव्हनमधून आला तेव्हा किल्लीनेही ओरखडा उठेना.

आता त्या चार गोष्टी.

पहिली, टाक्या. सेव्हन टँक म्हणतात ती रांग: तेल काढणं, धुणं, ॲसिडने गंज काढणं, पुन्हा धुणं, मग फॉस्फेट, धुणं आणि शेवटचं पॅसिव्हेशन. क्रमात थोडाफार फरक असतो, पण फॉस्फेटचा तो राखाडी थर हाच रंगाचा पाया. माझ्या फाटकाला तोच नव्हता. यंत्र विकणारे या टाक्यांबद्दल घाईघाईत बोलतात, कारण त्यात दाखवण्यासारखं काही नसतं. राजूरकराने तर इथेच सर्वात जास्त थांबायला हवं. आपल्याकडचा प्रत्येक ओढा प्रवरेला मिळतो आणि खाली निळवंड्याचं धरण भरतं. ॲसिडचं धुवण त्या पाण्यात सोडून चालणार नाही. प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती आणि सांडपाण्यावर प्रक्रियेची सोय हा यंत्राच्या किमतीचाच भाग धरावा. काम जाड लोखंडाचं असेल तर गंजासाठी ॲसिडची टाकी टाळून ब्लास्टिंग, म्हणजे हवेच्या जोराने कणांचा मारा, घ्यावं असं माझं मत आहे. पातळ पत्रा मात्र ब्लास्टिंगच्या माराने वाकतो.

दुसरी, हवा. कॉम्प्रेसरने आपल्याकडची ओली हवा दाबली की तिच्यातलं पाणी नळीत उतरतं. ते पुडीत गेलं की हॉपरमध्ये गोळे होतात, गन थुंकल्यासारखी मारते आणि रंगावर खड्डे येतात. म्हणून रेफ्रिजरेटेड एअर ड्रायर हवाच. पुण्याच्या कारखानदाराने तो पुढच्या वर्षावर ढकलला तर एक वेळ चालेल, राजूरच्या आषाढात चालणार नाही. परीक्षा सोपी आहे. हवेच्या नळीसमोर पांढरा रुमाल मिनिटभर धरायचा. ओला झाला किंवा त्यावर तेलाचा डाग पडला, तर त्या दिवशी काम थांबवायचं. पुडीचे खोकेही जमिनीवर न ठेवता कोरड्या, थंड खोलीत ठेवायचे आणि उघडलेली पिशवी लगेच बांधायची.

तिसरी, ओव्हन. इथेच बहुतेक जण फसतात. साधारण पूड १८० ते २०० अंशांवर १० ते १५ मिनिटांत पिकते, पण हे अंश धातूचे, ओव्हनमधल्या हवेचे नव्हेत. पातळ पत्रा पटकन तापतो. सहा मिलिमीटरच्या पट्टीला बराच वेळ लागतो. काट्यावर २०० दिसले म्हणून घड्याळ लावलं तर जाड काम कच्चं निघतं. राजूरला हे समजावून सांगायला नको. इथल्या पेढ्याचं नाव आहे, आणि खवा कढईत किती आटला हे घड्याळ न बघता ओळखणारे हात इथे आहेत. रंगाच्या बाबतीत मात्र हातावर विसंबू नये. धातूला चिकटवायचा तापमापक घ्यावाच, आणि गार झालेल्या वस्तूवर सॉल्व्हंटचा बोळा घासून पाहावा. रंग मऊ पडून कापडाला लागला तर भाजणी अपुरी.

ओव्हनचा खर्च कुठे जातो, हे एकदा हिशेब करून बघण्यासारखं आहे. १०० किलो लोखंड २५ अंशांवरून २०० अंशांवर न्यायला जेमतेम अडीच युनिट उष्णता लागते. बिल त्याच्या कितीतरी पट येतं, कारण बाकीची उष्णता भिंतींतून, दारातून आणि ट्रॉलीच्या लोखंडात जाते. तेव्हा ओव्हन बघताना बाहेरचा चकचकीत पत्रा बघू नका. भिंतीत रॉकवूल किती इंच आहे आणि दार नीट बसतं का, ते बघा. पावसाळ्यात वीज जाते हेही धरून चाला. गॅस किंवा डिझेलच्या बर्नरलाही पंख्यापुरती वीज लागते, पण ती छोट्या जनरेटरवर भागते. संपूर्ण विजेच्या ओव्हनचं तसं भागत नाही.

चौथी, बूथ, म्हणजे पूड मारायची कोठडी. दोन मीटर रुंद, दोन मीटर उंच तोंडाच्या बूथमध्ये हवा सेकंदाला अर्धा मीटर वेगाने आत ओढली जायला हवी, म्हणजे तासाला ७२०० घनमीटर. पंखा त्याहून दुबळा असेल तर पूड कारागिराच्या तोंडावर येते. हवेत दाट झालेली पूड ठिणगीने पेट घेते, ही तर जिवावरची गोष्ट. फिल्टरमध्ये अडकलेली पूड चाळून पुन्हा वापरता येते, हा पावडरीचा मोठा फायदा. ६० मायक्रॉनच्या थराला किलोभर पूड गणिताने ११ चौरस मीटर पुरते, प्रत्यक्षात थोडी कमी. रोज चार रंग बदलायचे असतील तर मात्र हा फायदा उरत नाही, कारण पुडी एकमेकींत मिसळतात.

आता गन. साध्या गनने गजाच्या कोपऱ्यात आणि खाचेत पूड शिरत नाही, विजेचे भार कडांवरच तिला ओढून धरतात. म्हणून व्होल्टेज कमी-जास्त करता येणारी, दुरुस्तीचा माणूस नाशिक किंवा पुण्याहून एका दिवसात येईल अशा कंपनीची गन पुरे. हँगरचे हूक दर आठवड्याला खरवडा. हुकावर रंगाचे थर बसले की अर्थिंग तुटतं आणि लोक उगाच गनला नावं ठेवतात. आणि बाहेर उन्हात राहणाऱ्या वस्तूला एपॉक्सी पूड मारू नका, ती वर्षा-दोन वर्षांत खडूसारखी पांढरी पडते. तिथे पॉलिएस्टर.

मग ओल्या रंगाची गन मोडीत काढायची का? मुळीच नाही. १९२६ साली पूर्ण झालेलं भंडारदऱ्याचं विल्सन धरण किंवा २५० मेगावॉटचं घाटघरचं वीजगृह डोळ्यांसमोर आणा. धरणाचा दरवाजा किंवा पाण्याचा अजस्र पाइप कुठल्या ओव्हनमध्ये जाणार? ट्रॅक्टर, रबरी सील असलेला पंप, लाकडी दार यांनाही २०० अंश सोसत नाहीत. अशा कामाला ब्लास्टिंग करून झिंकचा प्रायमर, एपॉक्सी आणि वर पॉलियुरेथेन हाच मार्ग. गन एचव्हीएलपी (जास्त हवा, कमी दाब) घेतली तर रंगाची नासाडी पुष्कळ कमी होते. मोठ्या पृष्ठभागाला एअरलेस, म्हणजे हवेशिवाय नुसत्या दाबाने रंग उडवणारी. लोखंडाचं तापमान दवबिंदूपेक्षा किमान ३ अंश वर असल्याशिवाय यातला कुठलाच रंग मारू नये, नाहीतर डोळ्यांना न दिसणाऱ्या दवावरच रंग बसतो. आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये रंग मारण्याजोगे दिवस मोजकेच मिळतात. बाहेरची कामं होळी ते अक्षय्य तृतीयेच्या दरम्यान उरकावीत. पॉलियुरेथेन फवारताना साधा रुमाल तोंडाला बांधून भागत नाही. बाहेरून हवा पुरवणारा मास्क घ्यावा. कारागिराची छाती रंगापेक्षा महाग आहे.

राजूरला आदिवासी विकास प्रकल्पाचं कार्यालय आहे, भोवताली आश्रमशाळा आहेत. तिथे कॉट लागतात, बाकं लागतात, खिडक्यांना गज लागतात. ते बनवणारे हात गावातच आहेत. रंगासाठी नाशिकला जाणारं हे काम इथे व्हावं असं मला मनापासून वाटतं. खरेदी करणाऱ्यांना माझी एकच विनंती आहे. मागणीपत्रात नुसतं ‘पावडर कोटेड’ लिहू नका. फॉस्फेट केलेलं, किमान ६० मायक्रॉनचा थर, बाहेरच्या वस्तूला पॉलिएस्टर, असं लिहा आणि माल उतरवून घेताना थर मोजायचं यंत्र सोबत ठेवा. ते खिशात मावतं.